तिकडच्या धक्क्यावर कोण होतं?

गणपतीत आमच्या आळीत व्हीसीआर यायचा. एका रात्रीचं भाडं, टीव्हीसकट, आणि तीन कॅसेट. दोन हिंदी नि एक ‘इंग्रजी मारामारी’, असा अलिखित करार. मी सातवीत असताना मुंबईच्या आतेभावानं तिसरी म्हणून ‘जॉज’ आणली. रेवसला आमच्या ओटीवर तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. त्यातली निम्मी मासेमारीवाली, उरलेली लाँचवरची. शार्कच्या जातीतल्या मुशीचं आमच्याकडे कालवण होतं, त्यामुळे मुशी उलट माणसाला खाते म्हणजे नक्की कशी, याची सगळ्यांना उत्सुकता.

पहिला तास-दीड तास मंडळी खूश होती. मग एके ठिकाणी मासा नाही, पाणी नाही, आरडाओरडा नाही. बोटीच्या केबिनमध्ये तीन पुरुष टेबलाशी बसलेत आणि त्यातला एक मिशीवाला म्हातारा बोलतोय. बोलतच सुटलाय. “ह्यो काय कीर्तन करतो?” मागून कुणीतरी म्हणालं. लोक चहाला उठले. आतेभावानं पुढे पळवायचं बटण दाबलं.

म्हणजे सिनेमाच्या इतिहासातलं एक गाजलेलं स्वगत मी पहिल्यांदा पाहिलं ते असं: चेहऱ्यावरून सरसर जाणाऱ्या पांढऱ्या रेघा आणि आवाज नसलेले थरथरणारे ओठ.

तो ‘म्हातारा’ म्हणजे रॉबर्ट शॉ. शूटिंगच्या वेळी तो जेमतेम सत्तेचाळीसचा होता. मी आता त्याच्यापेक्षा मोठा आहे, हे लिहिताना जरा विचित्रच वाटतं.

पुढे मी पोटासाठी भाषांतरं करू लागलो आणि त्यातच सबटायटलांची कामं यायला लागली. या कामात एक खोड लागते. चांगला संवाद ऐकला की मनातल्या मनात त्याचं मराठी सुरू होतं. ‘जॉज’ पुन्हा बघितला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. रात्र, लॅपटॉप, कानात हेडफोन. आणि या वेळी तो प्रसंग पुढे पळवायला कुणी नव्हतं.

तिघंही थोडे प्यायलेत. क्विंट हा शार्क मारणारा कोळी, हूपर हा शिकलेला संशोधक, आणि ब्रॉडी हा पाण्याला घाबरणारा पोलीसप्रमुख. क्विंट आणि हूपर एकमेकांना अंगावरचे वण दाखवताहेत, हसताहेत. ब्रॉडी हळूच शर्ट वर करून स्वतःच्या पोटावरचा वण बघतो नि गुपचूप शर्ट खाली घेतो. (त्या गप्पांत सांगण्यासारखं नाही ते.) मग क्विंटच्या हातावर गोंदण काढून टाकल्याची खूण दिसते. हूपर तिची टिंगल करतो. क्विंट त्याच्या हातावर हात ठेवतो आणि सांगतो, ते ‘यूएसएस इंडियानापोलिस’ होतं. हूपरचं हसू तोंडावरच थिजतं. त्याला ते नाव माहीत आहे. ब्रॉडीला नाही, आपल्यालाही नाही. म्हणून क्विंट सांगतो.

चारेक मिनिटं. फ्लॅशबॅक नाही, जहाज नाही, पाण्यातली माणसं नाहीत. केबिनचा मंद उजेड, लाकडाची करकर आणि तो चेहरा. दोन टॉर्पेडो लागले, बारा मिनिटांत जहाज गेलं, अकराशे माणसं पाण्यात. पहिला शार्क दिसायला अर्धा तास लागला. उजाडताना ते यायला लागले. शार्कच्या डोळ्यांना तो बाहुलीच्या डोळ्यांची उपमा देतो: काळे, निर्जीव. एका सकाळी त्याला ओळखीचा दोस्त तरंगताना दिसतो. झोपलाय वाटून तो त्याला हलवतो, तर दोस्त भोवऱ्यासारखा उलटतो, कारण कमरेखाली काही उरलेलंच नसतं. हे सगळं सांगताना शॉच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू आहे. ते हसू नसतं, तर हे भाषण नुसतं भयंकर झालं असतं. त्यामुळे ते ऐकवत नाही आणि सोडवतही नाही.

आणि शेवट. अकराशे पाण्यात गेले, ३१६ बाहेर आले, बाकीचे शार्कनं नेले. तारीख सांगतो. मग इंग्रजीतला तो एक साधा शब्द, ‘एनीवे’, आणि त्यापुढे: बॉम्ब आम्ही पोचवला.

त्या एका शब्दावर मी दोन दिवस अडून बसलो. ‘काहीही असो’? ‘तरीपण’? ‘ते जाऊ दे’? काहीच बसेना. मग आजोबांची जुनी पत्रं आठवली. घरात कोण गेलं, कुणाची जमीन गहाण पडली, ते सगळं चार ओळींत लिहून झालं की आजोबा नवी ओळ धरायचे आणि लिहायचे ‘असो.’ आणि मग आंब्याच्या पेटीचं. ‘असो. बॉम्ब आम्ही पोचवला.’ हे लिहिल्यावर मला रात्री नीट झोप लागली.

हे भाषण नक्की लिहिलं कुणी, यावरून पुष्कळ वाद झाले. पीटर बेंचलीच्या मूळ कादंबरीत इंडियानापोलिसचा मागमूस नाही. हॉवर्ड सॅकलर या नाटककारानं क्विंटला हा भूतकाळ दिला, जॉन मिलिअसनं तो लांबवला आणि शॉनं छाटला. शॉ स्वतः कादंबरीकार आणि नाटककार होता, त्यामुळे कुठे कापायचं हे त्याला कळत होतं. पहिल्या दिवशी तो खरोखरच पिऊन कॅमेऱ्यासमोर आला आणि प्रसंगाचा पुरता विचका झाला. दुसऱ्या दिवशी शुद्धीत येऊन त्यानं तो करून दाखवला. पडद्यावरची नशा ही शुद्धीतली आहे.

तर मी केलेलं मराठी कुणाला तरी ऐकवायचं होतं. गावी गेलो, लॅपटॉप लावला आणि अण्णांना बसवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या तिकीटखिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. मी एकेक वाक्य थांबवून मराठीत म्हणत गेलो. शार्क आले तेव्हा त्यांनी मान हलवली. भोवऱ्यासारखा उलटलेला दोस्त आला तेव्हा “अरेरे” म्हणाले. शेवटच्या ‘असो’वर मी दाद मिळेल म्हणून थांबलो.

अण्णा म्हणाले, “किती दिवस म्हणालास पाण्यात?”

“चार दिवस धरा.”

“मग तिकडच्या धक्क्यावर कोण होतं?”

मला प्रश्नच कळला नाही. ते जरा वैतागून म्हणाले, “अरे, बोट इकडून सुटली म्हणजे तिकडे लागायला नको? नाही लागली तर तिकडचा माणूस विचारणार नाही, कुठाय म्हणून?”

अण्णांची एक वही असे. लाल कापडी पाठीची, लांबट. रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेले: लाँचचं नाव, सुटली, लागली, माणसं, शेरा. मराठीत बोट दोन तऱ्हांनी लागते, एक धक्क्याला आणि एक माणसाला. वहीत अर्थात पहिलीच. भाऊच्या धक्क्याहून सुटलेली शेवटची लाँच रेवसला लागेपर्यंत ते घरी येत नसत. उशीर झाला तर बॅटरी घेऊन धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहत. त्यानं लाँच लवकर येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. आई चिडायची, भात गार व्हायचा. ‘लागली’चा रकाना मोकळा ठेवून वही मिटायची नाही, एवढंच ते सांगत.

यामागे काय होतं, ते आमच्या घरात उघड कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे ती बुडाल्याची बातमी पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांनीच मुंबईला आणली. माझी आजी त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर भावाची वाट बघत होती. पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, काळोख पडेपर्यंत. अण्णा तेव्हा तिच्या कडेवर होते.

तर तिकडच्या धक्क्यावर कोण होतं? हे शोधायला बसलो आणि शार्क मागे पडले.

‘इंडियानापोलिस’ ही १९३२ साली नौदलात आलेली क्रूझर, अ‍ॅडमिरल स्प्रुअन्सच्या पाचव्या आरमाराचं ध्वजजहाज. ३१ मार्च १९४५ला ओकिनावाजवळ तिच्यावर आत्मघाती विमान आदळलं आणि ९ माणसं गेली. दुरुस्तीसाठी ती कॅलिफोर्नियाला परतली. १६ जुलैला पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली आणि त्यानंतर काही तासांतच हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून सुटलं. वर एक मोठं खोकं आणि धातूचं एक डबडं. डबड्यात हिरोशिमावरच्या बॉम्बचं युरेनियम. काय आहे, हे कॅप्टन चार्ल्स मॅकव्हेलाही सांगितलेलं नव्हतं. वाचवलेला प्रत्येक दिवस युद्ध तितकं लवकर संपवेल, एवढंच सांगितलेलं. खलाशांच्या गप्पांत तर जनरल मॅकआर्थरसाठी सुगंधी टॉयलेट पेपर चाललाय, इथपर्यंत अंदाज गेले. २६ जुलैला माल टिनियन बेटावर उतरला. तिथून ग्वाम आणि २८ जुलैला ग्वामहून फिलिपीन्समधल्या लेटेकडे. मॅकव्हेनं सोबत विनाशिका मागितली, ती मिळाली नाही. चारच दिवसांपूर्वी त्या बाजूच्या समुद्रात ‘अंडरहिल’ हे अमेरिकी जहाज बुडालं होतं, हेही त्याला कुणी सांगितलं नाही.

३० जुलै, रात्रीचे सव्वाबारा. ढगाळ हवा. जपानी पाणबुडी ‘आय-५८’चा कमांडर मोचित्सुरा हाशिमोतो यानं सहा टॉर्पेडो सोडले, दोन लागले. बारा मिनिटं हे क्विंटनं बरोबर सांगितलं. जहाजावर ११९५ माणसं होती. सुमारे तीनशे जहाजाबरोबरच गेली, बाकीची नऊशेच्या आत-बाहेर पाण्यात.

आता अण्णांचा प्रश्न. जहाज लेटेला मंगळवारी, ३१ जुलैला सकाळी लागायचं होतं. ग्वामच्या मुख्यालयात एक मोठा फलक होता, त्यावर कुठलं जहाज कुठे आहे त्याच्या खुणा. एवढं मोठं लढाऊ जहाज म्हणजे ते वेळेवर पोचणारच, असं धरून खूण अंदाजानं पुढे सरकवली जाई. मंगळवार उजाडला तशी ग्वामवाल्यांनी खूण काढून टाकली: पोचलं. लेटेकडच्या मुख्यालयानंही नोंदवलं: आलं. बंदरावरच्या कार्यालयात एका लेफ्टनंटला मात्र ते आलेलं नाही हे स्पष्ट दिसत होतं. त्यानं विचारलं नाही. कारण लेखी सूचना अशी होती की लढाऊ जहाजांचं आगमन कळवू नये. गुप्ततेसाठी. मग आगमन कळवायचं नसेल तर न आल्याचंही कळवायचं नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या अ‍ॅडमिरलच्या ताफ्यात हे जहाज सरावासाठी जायचं होतं, त्याच्या जहाजावर आलेला संदेश गिचमिड होता. पुन्हा पाठवा, असं कुणी म्हटलं नाही. हाशिमोतोनं आपल्या मुख्यालयाला मोठं जहाज बुडवल्याचं कळवलं. अमेरिकी हेरखात्यानं तो संदेश पकडलासुद्धा, आणि शत्रूची बढाई म्हणून बाजूला ठेवला. क्विंट म्हणतो, मोहीम इतकी गुप्त की मदतीचा संदेश पाठवलाच नाही. तसं नाही. बचावलेल्या रेडिओवाल्यांनी साक्ष दिली की बुडताना संदेश गेले होते.

हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आगमन कळवायचं नाही म्हणजे रकानाच नाही.”

पाण्यातलं जे आहे ते मात्र मी त्यांना सगळं सांगितलं नाही.

सिनेमा बघून वाटतं की शार्कनंच सगळे नेले. शार्क होते, खुल्या समुद्रात फिरणारे, आणि त्यांनी माणसं नेली हेही खरं. किती, हे कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक माणसं तहानेनं, उन्हानं, जखमांनी आणि खाऱ्या पाण्यानं गेली. जहाजाचं तेल डोळ्यांत, पोटात. दिवसा ऊन भाजून काढणारं, रात्री दात वाजवणारी थंडी. अंगातली जाकिटं कपोकची, म्हणजे सावरीसारख्या कापसाची. ती दोन दिवसांत पाणी पिऊन जड व्हायला लागली. हनुवटीपर्यंत असलेलं पाणी ओठांपर्यंत आलं. जहाजाचे डॉक्टर लुईस हेन्स पोहत पोहत एकेकाच्या डोळ्यांना हात लावून बघत. पापणी मिटत नसेल तर जाकीट सोडवून घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. मेलेल्याच्या गळ्यातली ओळखपट्टीही ते काढून घेत. पुढे पट्ट्या इतक्या झाल्या की हातात मावेनात.

आणि मग पाणी पिणं. समुद्राचं पाणी पिऊ नये हे आमच्याकडे पाचवीतलं पोरही सांगेल. पण तिसऱ्या दिवशी माणसाला आपण काय पितोय ते कळत नाही. मीठ डोक्यात चढलं की डोळ्यांपुढे दिसायला लागतं. कुणाला बेट दिसलं, कुणाला हॉटेल. एक जण म्हणाला, आपलं जहाज इथेच खाली आहे, मी आत्ता जाऊन आलो, पिण्याच्या पाण्याचा नळ चालू आहे. ते ऐकून माणसं जाकिटं काढून खाली बुड्या मारायला लागली, पाणी प्यायला. हा तपशील वाचला तेव्हा मी उठून माठातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती.

२ ऑगस्टला, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास विल्बर ग्विन हा वैमानिक गस्तीवर होता. विमानामागे लोंबणारी अँटेनाची तार त्रास देत होती. ती बघायला तो मागे गेला, खाली वाकला आणि समुद्रावर तेलाचा पट्टा दिसला. पाणबुडी असेल म्हणून बॉम्ब टाकायच्या तयारीनं तो खाली उतरला, तर पाण्यात डोकी. तो कुणाला शोधत नव्हता. तार धड असती तर तो तसाच पुढे गेला असता.

त्यानंतर आलेल्या एड्रियन मार्क्सनं आपलं कॅटालिना जातीचं, पाण्यावर उतरू शकणारं विमान उधाणलेल्या समुद्रावर उतरवलं. खुल्या समुद्रात उतरायचं नाही असा नियम होता. वरून त्याला एकटी पडलेली माणसं आणि त्यांच्याभोवतीचे शार्क दिसत होते. त्यानं ५६ जण उचलले. आत जागा संपल्यावर माणसं पंखांवर ठेवून पॅराशूटच्या दोरीनं बांधली. विमान पुन्हा उडण्याजोगं राहिलं नाही. रात्री ‘सेसिल डॉइल’ ही विनाशिका आली, तीसुद्धा कॅप्टन क्लेटरनं हुकमाची वाट न बघता मार्ग बदलला म्हणून. आणि त्यानं जे केलं ते मी धक्क्यावरच्या माणसाचा मुलगा म्हणून वाचलं. युद्धाचा काळ, आसपास पाणबुड्या असण्याची शक्यता, आणि त्यानं प्रकाशझोत सरळ आभाळाकडे लावला. ढगांवर उजेड पडला. मैलोन्‌मैल पसरलेल्या माणसांना कळलं की कुणीतरी आलंय.

क्विंट म्हणतो, सगळ्यात जास्त भीती वाटली ती विमान आल्यावर, आपला नंबर लागेपर्यंत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे लेखकानं घातलेलं चमकदार वाक्य वाटलं होतं. चार दिवस कुणीच येत नाही तेव्हा घाबरायला तरी काय उरतं? कुणी आलं की मग.

शुक्रवारपर्यंत ३२० माणसं पाण्याबाहेर आली. त्यातली चार गेली. सोमवारी हिरोशिमा झालं. त्या वर्षाअखेरपर्यंत तिथे सुमारे १,४०,००० माणसं मेली असं धरतात. क्विंटच्या ‘असो’खाली तीही आहेत, म्हणून तर तो शब्द इतका जड आहे. तो फुशारकी मारतोय की कबुली देतोय, हे शॉनं शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. जहाज बुडाल्याची बातमी अमेरिकेत जाहीर झाली ती जपानच्या शरणागतीच्या गदारोळात. लोक रस्त्यावर नाचत होते, आणि ८७९ घरांत तारा.

मग दोषी कोण? कॅप्टन मॅकव्हे. तो जगला, हाच खरा गुन्हा असावा. युद्धात अमेरिकी नौदलाची शेकडो जहाजं बुडाली, पण त्यासाठी खटला झालेला कॅप्टन हा एकच. पाणबुडीचा नेम चुकावा म्हणून नागमोडी मार्गानं जहाज न्यायचं, ते नेलं नाही, हा आरोप. तसं करणं-न करणं त्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं आणि रात्री दृश्यमानता कमी होती, तरीही. डिसेंबर १९४५मध्ये वॉशिंग्टनला सरकारी पक्षानं साक्षीला कुणाला आणावं? हाशिमोतोला! शत्रूच्या कमांडरला, युद्ध संपून चार महिनेही झाले नसताना. आणि तो म्हणाला, नागमोडी गेला असता तरी मी बुडवलंच असतं. शिक्षा झालीच. अ‍ॅडमिरल निमित्झनं ती माफ केली, पण ठपका राहिला. लेटेच्या त्या लेफ्टनंटला आणि इतर काहींना मिळालेली ताकीदपत्रं पुढे मागे घेण्यात आली.

आपल्याकडे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचं नाव निघालं की माणसं सावरून बसतात. मुंबईहून गेलेली ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. मुल्ला आपलं जाकीट दुसऱ्याला देऊन जहाजाबरोबर गेले. त्यांच्याबद्दल बोलताना माझाही आवाज बदलतो. पण जो कॅप्टन लाटेनं डेकवरून फेकला गेला आणि जगला, त्यानं काय करावं याची कुठल्याच आरमारात रीत नाही. मॅकव्हेला दर नाताळाला मृतांच्या घरून पत्रं येत. तू माझा मुलगा मारला नसतास तर आमचाही सण झाला असता, अशी. ६ नोव्हेंबर १९६८ला त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. हातात एक खेळण्यातला खलाशी सापडला.

‘जॉज’ आला १९७५ला. त्यात मॅकव्हेचं नावही नाही. तारीखसुद्धा चुकलेली: क्विंट २९ जून म्हणतो, जहाज बुडालं ३० जुलैला. पण १९९६मध्ये फ्लोरिडातल्या एका शाळकरी मुलानं, हंटर स्कॉटनं, हा प्रसंग पाहिला आणि शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय धरला. बचावलेल्या दीडशेक माणसांना गाठलं, प्रश्न विचारले, कागद जमवले. प्रकल्प सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेला. हाशिमोतो तेव्हा नव्वदीचा होता, क्योतोला शिंतो देवळात पुजारी होता. त्यानंही सिनेटरला पत्र लिहिलं: आमच्या लोकांनी एकमेकांना क्षमा केली, आता तुम्ही तुमच्या कॅप्टनला करा. ऑक्टोबर २०००मध्ये मॅकव्हेला दोषमुक्त ठरवणाऱ्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच महिन्यात, सहीच्या काही दिवस आधी, हाशिमोतो वारला.

हे सगळं मी अण्णांना हप्त्याहप्त्यानं सांगत होतो. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा एक हप्ता शिल्लक होता.

सिनेमात क्विंट ३१६ म्हणतो. नौदलाच्या कागदांत मात्र कित्येक वर्षं ३१७ होते. एका माणसाचा फरक, आणि तो कुठून आला याचा उलगडा नौदलाच्या इतिहासकारांनी २०१८मध्ये केला. एक रेडिओ तंत्रज्ञ जहाज सुटायच्या आधी चढला होता आणि तासाभरातच अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा हुकूम आला म्हणून उतरला. यादीत नाव राहिलं. जहाज बुडाल्यावर त्याच्या आईला कळवण्यात आलं. तिनं उलट कळवलं की माझा मुलगा जिवंत आहे. मग कारकुनानं काय केलं? मुलगा मेलेल्यांत नाही ना, मग वाचलेल्यांत घातला. जहाजावर नव्हताच, हा रकाना त्यालाही सुचला नाही.

अण्णा एवढं मोठ्यानं हसले की आई आतून बघायला आली. मग चष्मा पुसत म्हणाले, “चढलेली माणसं कधी बरोबर मोजली जात नाहीत. कुणी उडी मारून चढतं, कुणाचं पोर तिकिटात धरत नाहीत, कुणी सुटता सुटता उतरतं. माझ्या वहीतसुद्धा.” जरा थांबून म्हणाले, “त्या दारूड्यानं किती सांगितले?”

“तीनशे सोळा.”

“ते बरोबर?”

“ते बरोबर.”

“सिनेमा आहे का तुझ्या त्या डब्यात?”

मी लॅपटॉप उघडला. केबिन आली, तिघांचे चेहरे आले. मी सवयीनं सुरुवातीपासून मराठीत सांगायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

“आकडा म्हणतो ना,” अण्णा म्हणाले, “तिथून लाव.”